दिवसभर उपाशी, रात्री चोरून खाणं: मदत कुणाकडे आणि कशी मागायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षं दिवसा जेमतेम खाणं, रात्री सगळे झोपले की पोट दुखेपर्यंत खाणं आणि दुसऱ्या दिवशी ‘भरपाई’ म्हणून पुन्हा उपाशी राहणं. वजन चारचौघांसारखं. एका डॉक्टरांनी ‘मनावर ताबा ठेवा’ म्हणून परत पाठवलं. आता जायचं कुणाकडे, सांगायचं काय, आणि मुळात याला आजार म्हणावं का?

शेवटचं आधी घेऊ, कारण बहुतेकांचं पाऊल तिथेच अडतं. हो, म्हणावं. खाण्याचे विकार चेहऱ्यावर किंवा अंगावर दिसतातच असं नाही. बुलिमिया (ताबा सुटून खाणं आणि मग त्याची भरपाई करणं) किंवा बिंज ईटिंग (भरपाई न करता तसंच खाणं) असलेली व्यक्ती शेजारी बसली तरी वजनावरून पत्ता लागत नाही. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या 2013च्या डीएसएम-5 या अमेरिकी निकषपुस्तिकेत या दोन्ही विकारांसाठी धरलेली वारंवारता आहे सरासरी आठवड्यातून एकदा, सलग तीन महिने. ‘मी उलट्या काढत नाही, म्हणजे मला बुलिमिया नाही’ हा तर्कही चुकीचा आहे. मुद्दाम केलेली उपासमार आणि मरेस्तोवर केलेला व्यायाम हीसुद्धा त्या निकषांत भरपाईच धरली जाते. नेमकं नाव काय द्यायचं ते तपासणारा ठरवेल. पण निकषात तंतोतंत बसलं नाही तरी उपचार मिळतात आणि लागूही पडतात. ‘अजून तेवढं वाईट झालेलं नाही’ असं म्हणत वाट बघणं हा या आजाराचाच स्वभाव आहे.

आता ‘मनावर ताबा ठेवा’ या सल्ल्याबद्दल. तो नुसता निरुपयोगी नाही, उलटा आहे. तुमची अडचण ताबा कमी असल्याची नाही. दिवसभर तुम्ही भयंकर ताबा ठेवता आणि रात्री शरीर त्याची वसुली करतं. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट पुरुषांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना आधी खाण्याचा कसलाही विकार नव्हता. तरी थोड्याच काळात त्यांच्या बोलण्यात आणि विचारांत अन्नाशिवाय दुसरं काही उरलं नाही. काहीजण पाककृती जमवू लागले, एकेक जेवण बराच वेळ पुरवून खाऊ लागले. पुढे पोटभर अन्न सुरू झाल्यावरही काहींना कितीही खाल्लं तरी समाधान होईना. ही सगळी उपासमारीची लक्षणं होती, चारित्र्याची नव्हेत. रात्रीच्या खाण्याकडे तुम्हीही असंच बघायला हवं. उपचार रात्रीवर होत नाहीत, सकाळवर होतात.

कुणाकडे जायचं? आदर्श चमू तिघांचा: शरीर तपासणारा डॉक्टर, खाण्याच्या विकारांवर काम केलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ, आणि याच विषयातला आहारतज्ज्ञ. तिघं एकदम मिळणं अवघड. त्यामुळे आधी साधा फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन गाठा, तपासण्या करून घ्या आणि त्याच भेटीत पुढच्या तज्ज्ञाकडे पाठवणारी चिठ्ठी मागा. सायकॉलॉजिस्टची वेळ घेताना फोनवरच तीन प्रश्न विचारायचे: खाण्याच्या विकाराचे किती रुग्ण पाहिले आहेत, उपचाराची कुठली पद्धत वापरता, आणि वैद्यकीय तपासणी कोण बघतं? ‘बोलून बघू, काय काय निघतं ते’ असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. समुपदेशन वाईट असतं म्हणून नाही, तर या आजारात ताटाला हात न लावता चाललेल्या गप्पा महिनोन्‌महिने चालतात आणि खाणं जिथल्या तिथे राहतं.

आहारतज्ज्ञाबाबत जास्त जपून. वजन उतरवून देणाऱ्याकडे आत्ता अजिबात जाऊ नका. ठरावीक पदार्थ बंद, आठवड्याला इतकं वजन कमी, असा तक्ता हातात पडला की तीच साखळी नव्या जोमाने सुरू होते, यावेळी तज्ज्ञाच्या सहीनिशी.

डॉक्टरांसमोर बसलं की जीभ अडखळते आणि माणूस ‘अॅसिडिटी होते’, ‘थकवा येतो’ एवढंच सांगून बाहेर पडतो. म्हणून एका कागदावर लिहून न्या आणि तो कागदच पुढे सरकवा. सुरुवातीचं वाक्य हे असू दे: ‘मला खाण्याचा विकार असल्याची शंका आहे, त्यासाठी तपासणी आणि पुढची चिठ्ठी हवी आहे.’ त्याखाली कधीपासून, आठवड्यातून किती वेळा ताबा सुटतो, सलग किती तास उपाशी राहता, उलटी, जुलाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणारी औषधं, भूक मारणाऱ्या गोळ्या, अतिव्यायाम यातलं काय आणि किती, चक्कर किंवा धडधड होते का, पाळी येत असेल तर ती चुकते का, वर्षभरात वजन किती वरखाली झालं, चालू औषधं कुठली, आणि मरणाचे विचार येतात का. हा शेवटचा मुद्दा लाजून गाळू नका. आणि डायबेटिस असून वजनासाठी इन्सुलिन चुकवत असाल तर ते कागदावर सगळ्यात वर लिहा. त्याचा धोका बाकी सगळ्याहून तातडीचा असतो.

तपासणीत काय व्हायला हवं हेही माहीत असू द्या, म्हणजे मागता येईल. झोपून आणि मग उभं राहून नाडी व रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर, किडनी-लिव्हर, रक्ताची मोजणी. उलट्या किंवा जुलाबाची औषधं चालू असतील तर पोटॅशियम खाली येतं आणि त्याचा फटका हृदयाच्या ठोक्यांना बसतो, ईसीजी त्यासाठी. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असं होत नाही. शरीर बराच काळ आकडे सावरून धरतं. ‘रिपोर्ट छान आहेत, काही झालेलं नाही’ असं कानावर आलं तर शांतपणे म्हणा, ‘रिपोर्ट छान आहेत हे बरंच झालं, चिठ्ठी तरीही हवी आहे.’ वजनाचा आकडा बघून दिवस बिघडत असेल तर काट्यावर पाठमोरं उभं राहता येतं. आकडा मोठ्याने सांगू नका, असं नर्सला आधीच सांगायचं.

उपचार म्हणजे नेमकं काय? मोठ्या माणसांसाठी सगळ्यात जास्त अभ्यासलेली पद्धत खाण्याच्या विकारांसाठी बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारा मानसोपचार. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या रूपात साधारण 20 आठवड्यांत 20 बैठका होतात. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, शेवटी पंधरवड्याने. वजन फार उतरलेलं असेल तर हाच काळ जवळपास दुप्पट. ब्रिटनच्या 2017च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनुसार बुलिमिया आणि बिंज ईटिंगमध्ये मोठ्या माणसांसाठी पहिली पायरी असते ती स्वमदतीचा लेखी कार्यक्रम, सोबत जाणकाराच्या चार ते नऊ छोट्या भेटी. म्हणजे तज्ज्ञ लांब असला तरी सुरुवात अडत नाही. शाळकरी मुलांचं वेगळं: तिथे आईवडिलांच्या हाती जेवणाची सूत्रं देणारी कुटुंबाधारित पद्धत वापरतात, आणि मुलांच्या बाबतीत वाट बघणं आणखीच महागात पडतं.

सीबीटीची सुरुवात दोन कामांनी होते, आणि ती दोन्ही दिसायला अगदी बाळबोध आहेत. पहिलं, नोंदवही. खाल्लं की लगेच लिहायचं, रात्री आठवून नाही. कॅलरी नाही, ग्रॅम नाही. वेळ, जागा, काय खाल्लं, ताबा सुटल्यासारखं वाटलं तर फुली, आणि आजूबाजूला काय चाललं होतं. एखादी ओळ अशी दिसेल: ‘रात्री 11:20, स्वयंपाकघरात उभ्याने, दिवा न लावता, बिस्किटांचा पुडा आणि उरलेलं जेवण, फुली. दुपारी 1 नंतर पोटात काही नव्हतं. संध्याकाळी फोनवर वाद.’ अशा दहा ओळी जमल्या की फुल्यांच्या आधी किती तास रिकामे होते ते आपोआप डोळ्यांत भरतं. मोजमापाचं अॅप मात्र वापरू नका. त्यात दिवसाचा कोटा ओलांडला की आकडा लाल होतो, आणि ‘आज गेलाच दिवस, तर खाऊनच घेऊ’ हा विचार तिथूनच सुरू होतो.

दुसरं काम, घड्याळाने खाणं. तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी, दोन खाण्यांत तीन ते चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक लागो न लागो. अनियमित खाण्याने भुकेचे आणि पोट भरल्याचे इशारे बिघडलेले असतात, त्यांच्या भरवशावर तूर्त राहता येत नाही. सुरुवातीला काय खाल्लं याला महत्त्व नाही, कधी खाल्लं याला आहे. सगळ्यात अवघड असतं ते ताबा सुटलेल्या रात्रीनंतरच्या सकाळचं खाणं. भूक नसते, पोट फुगलेलं असतं, लाज वाटत असते. साखळी तुटते ती नेमकी तिथे. एवढंच जमलं आणि बाकी काही जमलं नाही, तरी तो आठवडा चांगला गेला असं समजा.

यात नेहमी काय बिघडतं? पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पोट जड वाटतं, गॅस होतात, पाणी धरल्याने अंगाला सूज वाटते आणि काट्यावरचा आकडा हलतो. लोक इथेच घाबरून सोडून देतात. रोज वजन करण्याने ही भीती दसपट होते, म्हणून आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, शक्यतो उपचार करणाऱ्यासमोर. दुसरी चूक म्हणजे ‘आधी रात्रीचं खाणं थांबवतो, मग सकाळचं सुरू करतो’. क्रम उलटा आहे, त्याने काहीच थांबत नाही. तिसरी, ‘वाईट’ पदार्थ घरातून कायमचे हद्दपार करणं. थोडे दिवस निभतं, पण मनाई हेच इंधन आहे. हे पदार्थ पुढच्या टप्प्यात ठरवून, बसून, ताटलीत घेऊन परत आणायचे असतात. रात्रीच्या तलफेची लाट ओसरेपर्यंत वेळ काढायला करायच्या कामांची यादी आधीच फ्रिजवर असू दे: अंघोळ, कुणाला फोन, घराबाहेर एक फेरी. तलफ चढते तशी उतरतेही, पण हे वाचून पटत नाही, एकदा घड्याळ लावून बघावं लागतं.

चार आठवड्यांत फुल्या थोड्यातरी कमी व्हायला हव्यात. सुरुवातीचा हा बदल पुढच्या यशाचा बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज देतो. काहीच हललं नाही तर उपचार करणाऱ्याला तसं स्पष्ट विचारा आणि पुढची पायरी ठरवा. सहा महिने नुसतं जात राहू नका.

औषधांबद्दल थोडक्यात. बुलिमियात फ्लुओक्सेटिन देतात आणि परिणामकारक ठरलेला डोस दिवसाला 60 मिलीग्रॅम, म्हणजे नैराश्यातल्या नेहमीच्या सुरुवातीच्या डोसपेक्षा बराच जास्त. तो डॉक्टरच टप्प्याटप्प्याने वाढवतात, आणि एकट्या गोळीवर सहसा भागत नाही. बुप्रोपिऑन हे औषध बुलिमिया किंवा अॅनोरेक्सियात (खाणं टाळून वजन फार उतरवणारा विकार) देत नाहीत, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. नैराश्यासाठी किंवा सिगारेट सोडण्यासाठी कुणी ते लिहून देत असेल तर खाण्याबद्दल सांगितल्याशिवाय घेऊ नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी, ज्यांच्या बाबतीत उलट्या आहेत: उलटीनंतर लगेच ब्रश करू नका. आम्लाने मऊ पडलेलं दातांचं कवच घासलं जातं. नुसत्या पाण्याने चूळ भरा आणि डेंटिस्टलाही खरं सांगा, त्याला ते बहुधा दिसलेलंच असतं. जुलाबाच्या गोळ्यांनी जातं ते मुख्यतः पाणी आणि क्षार, अन्न नव्हे. फार दिवस घेत असाल तर सोडताना काही दिवस सूज येते, म्हणून डॉक्टरांच्या नजरेखाली सोडा.

बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, ठोके अनियमित होणं, उलटीत रक्त, पायऱ्या चढताना किंवा खुर्चीतून उठताना स्नायूंत ताकदच नसणं, पाणीही पोटात न टिकणं, जीव द्यावासा वाटणं: यातलं काहीही असेल तर वेळ घेऊन जायचं नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाने घरच्या घरी एकदम भरपूर खायला सुरुवात करणंही धोक्याचं आहे. अन्न आत येताच रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि हृदय, श्वास दोन्ही अडचणीत येतात. ती सुरुवात हॉस्पिटलमध्ये, रोजच्या रक्ततपासणीसोबत करतात.

घरात एकाला तरी सांगा, पण सांगताना काम द्या, नाहीतर ते पहारेकरी होतात. ‘माझ्या ताटाकडे आणि वजनाकडे बोट दाखवू नकोस; रात्री दहाला माझ्यासोबत बसून काहीतरी खा’ इतकं नेमकं. ‘बारीक झालीस’, ‘आता तब्येत सुधारली’ ही वाक्यं कौतुकाची असली तरी दोन्ही टोचतात, हेही सांगून ठेवायचं.

पहिल्या भेटीला उपाशी जाऊ नका. रिकाम्या पोटी डोकं चालत नाही आणि कागदावरचं निम्मं बोलायचं राहून जातं. पोटॅशियम, फॉस्फेटसारख्या तपासण्यांना सहसा उपाशीपोटी यायची गरज नसते, फोन करून विचारून घ्या. लागलंच उपाशी राहायला, तर सकाळची पहिली वेळ मागा, खाणं डब्यात सोबत न्या आणि रक्त दिल्यावर तिथल्याच बाकावर बसून ते संपवा.