आजोबांच्या डब्यातल्या नाण्यांपासून संग्रह कसा सुरू करावा आणि तो कसा जपावा?

तुम्ही विचारले आहे की, बडोदा संस्थानात कारकून असलेल्या आजोबांच्या कपाटात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठ-सत्तर जुनी नाणी सापडली. त्यांत काही राणीछाप रुपये आहेत, भोकाचे पैसे आहेत आणि एका बाजूला तलवार असलेला तांब्याचा एक काळवंडलेला पैसा आहे. ती चिंचेने घासावीत का, अल्बममध्ये लावावीत का आणि हा छंद पुढे न्यायचा तर सुरुवात कोठून करावी, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी बडोद्यातल्या एका शाळेत बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि जवळजवळ तीस वर्षे गायकवाडी नाणी जमवत आले आहे, त्यामुळे अनुभवातून, आणि बव्हंशी स्वतःच्या चुकांतून, उत्तर देते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आणि सर्वांत तातडीचे आहे: काहीही घासू नका. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला मांडायचे अकरा राणीछाप रुपये होते. दरवर्षी धनत्रयोदशीला ते चिंचेच्या कोळात भिजत आणि नंतर रांगोळीने घासले जात. पन्नास-साठ दिवाळ्यांनंतर त्यांतील बहुतेकांवर राणीचे नाक सपाट झाले होते, केसांच्या वेणीचा मागमूस उरला नव्हता आणि दोन नाण्यांवरचे साल तर भिंगाखालीही वाचता येत नव्हते. ते रुपये देवघरात आजही लखलखतात, पण संग्राहकाच्या दृष्टीने ती केवळ चांदी आहे. चांदीवर येणारा करडा-काळा थर आणि तांब्यावरचा घट्ट तपकिरी थर हे नाण्याचे पांघरूण आहे. ते काढले की खालचा मूळ पृष्ठभागही थोडा जातो, आणि घासलेले नाणे सरावलेल्या डोळ्याला पहिल्याच नजरेत कळते. सुटी माती असेल तर नाणे ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात रात्रभर ठेवावे, मऊ सुती कापडाने टिपावे आणि पूर्ण वाळू द्यावे. त्यापलीकडे जाण्याची गरज सुरुवातीला कोणालाही पडत नाही.

आता डबा रिकामा करा, परंतु टेबलावर जाड टॉवेल अंथरून. कारण फरशीवर पडलेल्या रुपयाच्या कडेला येणारा पोचा कायमचा असतो. नाणे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कडेने धरावे, पृष्ठभागाला बोट लावू नये, आणि नाण्यावर वाकून बोलू नये, कारण थुंकीचा बारीक तुषारही काही महिन्यांनी काळा ठिपका होऊन दिसू लागतो. मग किमतीचा विचार बाजूला ठेवून नुसते वाचन करा. राणीछाप रुपयावर ‘क्वीन’ आहे की ‘एम्प्रेस’ ते पाहा. ‘एम्प्रेस’ १८७७ पासून येते. १८६२ हे साल असलेले रुपये मात्र त्याच वर्षी पाडलेले असतील असे नाही, कारण तेच साल ठेवून पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडले जात होते, आणि त्यांतले बारीक ठिपके मोजून प्रकार ओळखणे हा काही संग्राहकांचा आयुष्यभराचा उद्योग असतो. भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ या काळातले, युद्धकाळात तांबे वाचवण्यासाठी काढलेले. ते भरपूर मिळतात, म्हणून हात बसवण्यासाठी उत्तम.

तुमच्या तलवारीच्या पैशावर बहुधा घोड्याचा खूरही असेल आणि देवनागरीत सयाजीरावांचे नाव असेल. तसे असल्यास तो तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या काळातला, यंत्रावर पाडलेला बडोद्याचा पैसा आहे. त्यावरचे साल विक्रम संवताचे असते. त्यातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो, म्हणजे संवत १९४९ म्हणजे १८९२. त्यांच्या आधीची गायकवाडी नाणी हाताने, हातोड्याने पाडलेली आहेत आणि मला स्वतःला तीच अधिक आवडतात. ठसा मोठा आणि धातूचा गोळा लहान, त्यामुळे मजकुराचा एखादाच तुकडा नाण्यावर उमटतो. फारसी अक्षरांच्या गर्दीत देवनागरीतली दोन अक्षरे मात्र शोधली तर राजा सापडतो. ‘ग गा’ म्हणजे गणपतराव गायकवाड, ‘ख गा’ म्हणजे खंडेराव, ‘म गा’ म्हणजे मल्हारराव. माझ्या पहिल्या ‘ख गा’मध्ये ‘ख’ अर्धाच होता आणि ‘गा’चा काना कडेबाहेर गेला होता, तो वाचायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

या वाचनातूनच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे काय जमवायचे याचे, उत्तर निघते. नवशिके सर्व काही जमवतात आणि दोन वर्षांत कंटाळतात. विषय जितका अरुंद, तितका संग्रह लवकर बोलू लागतो. कोणी प्रजासत्ताकाची नाणी साल आणि टांकसाळ यांप्रमाणे लावतात; सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता, हे एकदा लक्षात राहिले की भाजीवाल्याने दिलेली मोडही वाचनाचे साहित्य होते. कोणी केवळ १ एप्रिल १९५७ नंतरचे ‘नये पैसे’ जमवतात. १९६४ मध्ये ‘नया’ शब्द गळेपर्यंतची ही मालिका छोटी, स्वस्त आणि पूर्ण होण्यासारखी आहे. कोणी शिवराईच्या मागे लागतात, आणि मग त्यांना संग्रह पूर्ण होण्याची आशा सोडावी लागते. तुमच्याकडे आजोबांच्या नोकरीचा धागा आहे, तेव्हा मी तुमच्या जागी असते तर बडोद्याचे तांबेच धरले असते.

एक गैरसमज येथेच दूर करते. नाणे जुने म्हणून महाग असते असे नाही. गुजरातेत गधैया नावाची मध्ययुगीन नाणी इतक्या मोठ्या प्रमाणावर मिळतात की हजार वर्षांचे वय असूनही साधे नाणे काही शे रुपयांत येते. उलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया आमच्या आजीच्या तरुणपणीचा, पण दुर्मीळ, आणि म्हणूनच शेवटचा आकडा बदलून केलेल्या त्याच्या नकला बाजारात फिरतात. किंमत दुर्मीळपणावर आणि अवस्थेवर ठरते. सराफाने माळेत ओवण्यासाठी कडी लावलेला रुपया असेल, तर कडी काढली तरी डाक लावल्याची खूण कडेवर राहते आणि किंमत पडते, हेही खरेदीच्या वेळी पाहावे.

साधने फार लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, व्यास मोजायला कॅलिपर आणि एक वही. काट्यावर मी एक प्रयोग हमखास करते, कारण शाळेतली सवय जात नाही. पाण्याने अर्धा भरलेला पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा, आणि रुपया बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा हातात धरून ठेवायचा. रुपयाचे प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के, असा रुपया बुडवला की काट्यावर १.१३च्या आसपास आकडा येतो. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की १०.३ यायला हवेत. एका प्रदर्शनात मी मोठ्या उत्साहाने घेतलेल्या रुपयाचे वजन ११.६० होते, दिसायला निर्दोष होता, पण पाण्यातला आकडा १.३३ आला, म्हणजे भागाकार ८.७, तो चांदीचा नव्हताच. विकणाऱ्याने पैसे परत केले नाहीत आणि ते नाणे आता नकली नमुना म्हणून माझ्याकडे वेगळ्या पाकिटात आहे. मात्र १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयांत चांदी निम्मीच असल्याने तेथे भागाकार साडेनऊच्या आसपास येतो; त्यांना खोटे ठरवू नका.

वहीत प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या आणि वजन, व्यास, वाचलेला मजकूर, कोठून आले, कधी आले, किती दिले हे लिहा. ‘आजोबांच्या डब्यातून’ ही नोंदही लिहा. ती न लिहिल्यास दहा वर्षांनी कोणते आजोबांचे आणि कोणते विकत घेतलेले हे तुम्हालाही सांगता येणार नाही. आकडा नाण्यावर नव्हे, पाकिटावर.

आता साठवण, ज्याबाबतीत मी सर्वांत अधिक शुल्क भरले आहे. सुरुवातीला मी बाजारातून एक देखणा, लाल पाठीचा अल्बम आणला; त्याच्या मऊ पारदर्शक खिशांत नाणी सुरेख दिसत. चार पावसाळ्यांनंतर तांब्याची नाणी खिशाला चिकटू लागली आणि त्यांवर हिरवट, तेलकट, बोटाला लागणारा थर आला. ते खिसे पीव्हीसीचे होते. पीव्हीसी हळूहळू विघटित होताना त्यातून आम्ल सुटते, ते तांब्याला खाते, आणि चांदीच्या नाण्यात मिसळलेले तांबेही त्यातून सुटत नाही. नव्या रेनकोटासारखा वास येत असेल तर तो अल्बम घेऊ नका. खात्री हवी असल्यास तांब्याची तार पक्कडीत धरून ज्योतीत लाल करा, तिने टाकाऊ खिशाचा कोपरा टोचा आणि ती पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. हा प्रयोग गॅलरीत, वारा असताना करावा, कारण निघणारा धूर वाईट असतो. आधीच चिकट झालेली नाणी काचेच्या बशीत शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटे ठेवल्यास थर सुटतो. नखांचे रंग काढायचे द्रावण चालत नाही, कारण त्यात इतर पदार्थ असतात. ॲसिटोन पटकन पेट घेते, म्हणून स्वयंपाकघरात हे करू नये. थर निघाला तरी खालचे खड्डे भरून येत नाहीत.

म्हणून खिसे पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिएस्टरचे घ्यावेत. मी रोजच्या नाण्यांसाठी पुठ्ठ्याचे दोन इंची चौकोनी होल्डर वापरते, ज्यांत मध्ये पॉलिएस्टरची पातळ खिडकी असते. स्टेपलरच्या पिना मारल्यावर त्यांची टोके पक्कडीने सपाट करावी लागतात, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा येतो. चांगल्या नाण्यांसाठी घट्ट बसणाऱ्या कडक प्लॅस्टिकच्या कॅप्सूल आहेत. वर्तमानपत्राचा कागद, रबरबँड, मखमली पिशवी, लोकर आणि कच्च्या लाकडाचा किंवा प्लायवूडचा खण, ही सर्व घरगुती साधने टाळा. रबर आणि लोकर यांतील गंधक चांदी काळी करते आणि प्लायवूडमधून आम्लधर्मी वाफा निघत राहतात. तुमचा पत्र्याचा डबा तसा वाईट नाही, फक्त आत गंज नसावा आणि नाणी एकमेकांवर आपटू नयेत.

बडोद्यात खरा शत्रू जून ते सप्टेंबर या महिन्यांत येतो. मी होल्डर घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात ठेवते आणि सोबत सिलिका जेलची पुडी असते. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर भाजून ते पुन्हा वापरता येतात. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस पडला, तेव्हा आमच्या तळमजल्यात घोट्यापर्यंत पाणी होते आणि लोखंडी कपाटाचा सर्वांत खालचा खण भिजला. वरच्या खणांतले डबे वाचले. खालच्या खणातली, मी ‘नंतर लावू’ म्हणून कागदी पाकिटांत ठेवलेली वीस-बावीस तांब्याची नाणी गढूळ पाण्यात एक रात्र राहिली. त्यांतील तीन नाण्यांवर पुढे फिकट हिरवी भुकटी येऊ लागली, पुसली तरी पुन्हा येणारी. गुळगुळीत, घट्ट, गडद हिरवा थर निरुपद्रवी असतो, पण ही भुकटी क्लोराइडमुळे चालणारा रोग आहे. असे नाणे ताबडतोब वेगळे करावे, काही आठवडे ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून पाणी बदलत राहावे आणि मग पूर्ण कोरडे करून एकटेच ठेवावे. माझी दोन वाचली.

बँकेचा लॉकर चोरीपासून वाचवतो, दमटपणापासून नाही. तेथेही सिलिका जेल ठेवा आणि वर्षातून दोनदा तरी उघडून पाहा.

कायद्याचे थोडेसे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून परदेशी ग्राहकाच्या मोहात पडू नका. कोणी ‘शेतात हंडा निघाला’ असे सांगून मातीने भरलेली नाणी पुढे केली, तर दूर राहा. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आणि ‘वैष्णोदेवीचे नाणे लाखो रुपयांना घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे संदेश सरळ फसवणुकीचे असतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट केले की असे व्यवहार ती करत नाही आणि त्यासाठी कोणालाही शुल्क घेण्याचा अधिकार तिने दिलेला नाही.

तुमच्या तलवारीच्या पैशाचे वजन घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या तिरप्या उजेडात, खिडकीजवळ काढा, आणि संवताचे चारही आकडे वाचता येतात का ते कळवा. न घासता.