वाचकांचे प्रश्न : केळीचे वेफर्स की बिबडी?

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यात राहतो. भांडवल थोडं आहे. केळीचे वेफर्स सुरू करू की ज्वारीची बिबडी (उन्हात वाळवलेले ज्वारीचे पापड)?

उत्तर : ताई, बिबडी चांगलीच, पण ती उन्हाळ्याच्या कडक उन्हावर अवलंबून, पावसाळ्यात हात रिकामे. यावल-रावेरात केळी बारा महिने मिळते, म्हणून वेफर्स घ्या. यंत्र मात्र लगेच नको.

आधी 10 किलो पूर्ण कच्ची, हिरवी केळी घ्या. सालं काढून थेट तापलेल्या तेलावर किसणीने चकत्या पाडा. सालीसह केळी, तेलाची घट, गॅस आणि तयार माल वेगवेगळा मोजा. साल आणि पाणी गेल्यावर माल फार कमी उरतो. इथेच बहुतेकांचा भाव चुकतो. केळी थोडी जरी पिकायला लागली तरी साखर वाढते, वेफर्स तांबूस आणि मऊ पडतात. गरम माल पिशवीत भरला तर वाफ धरून सादळतो. तेच तेल पुन्हा पुन्हा वापरलं की खवट वास येतो.

अन्नसुरक्षा नोंदणी करून नमुना चार किराणा दुकानांत ठेवा. त्याच दुकानदाराने दुसऱ्यांदा रोखीने मागितला, तरच मोठी कढई घ्या.