केबलवर पैसे घालण्याआधी

नवीन स्टिरिओला महागडी स्पीकर केबल घ्यावी का, असं विचारलं आहेस. माझं स्पष्ट मत, घेऊ नकोस.

२.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर ५ मीटर असेल, तर जाण्यायेण्याचा मिळून रोध होतो जेमतेम ०.०७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो इतका किरकोळ, की आवाज ०.१ डेसिबलनेही कमी होत नाही. हां, १० मीटर लांब आणि ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर ४ ओहमच्या स्पीकरला जोडलीस, तर फरक ऐकू येऊ शकतो. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा ओहममधला अडथळा, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो, त्यामुळे बारीक वायर काही स्वर जास्त दाबते, काही कमी, आणि आवाजाचा तोलच बिघडतो. त्यावर इलाज जाड वायरचा, महाग वायरचा नाही.

मलाही एकदा नव्या केबलने गाणं खुललं असं मनापासून वाटलं होतं. मग मित्राला पाठीमागे केबल अदलाबदल करायला सांगितलं, दोन्हींच्या आवाजाची पातळी मीटरने सारखी केली, आणि कोणती कुठली ते मला सांगता येईना. पातळी सारखी करणं फार महत्त्वाचं. जरासा मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो.

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या प्रकारचा) टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर असेल, तर मात्र त्याच्या केबलची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता बघ. तिथे ती वरचे स्वर खरोखर बदलते.

आज आधी प्लस-मायनस तपास. एका स्पीकरचे उलटे जोडले गेले तर बेस गायब होतो. मग स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढून ऐक.