मुलगा बसून उठला की पाय आखडतात, मूठ लवकर उघडत नाही. डॉक्टरांना जन्मजात मायोटोनियाचा संशय आहे. मराठवाड्यातून कुठल्या तज्ज्ञाला दाखवावं?

दादा, तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: मुलगा नऊ वर्षांचा, राहायला गंगाखेडला, परभणीच्या बालरोगतज्ज्ञांनी 'मायोटोनिया कन्जेनिटा असू शकतो, मोठ्या ठिकाणी दाखवा' असं लिहून दिलंय. आता घरात कोणी पुणे म्हणतंय, कोणी मुंबई, कोणी हैदराबाद. तुमचं लग्न मामाच्या मुलीशी झालंय, हेही तुम्ही लिहिलंय, आणि शेवटी विचारलंय की पोराची कबड्डी बंद करायची का.

मला स्वतःला हाच आजार आहे, म्हणजे आवळलेला स्नायू लवकर सैल न होणं, आणि त्याच्या दोन प्रकारांपैकी बेकर प्रकारचा. मी लातूरचा. डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्या-औषधांचा निर्णय डॉक्टरांचाच. पण कुठली दारं ठोठवायची आणि कुठल्या दारात उगाच वेळ जातो, ते सांगू शकतो.

'मायोटोनियाचे तज्ज्ञ' अशी पाटी तुम्हाला कुठेच दिसणार नाही. तुम्हाला हवा तो न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदू-नसांचा डॉक्टर, आणि जमलं तर स्नायूंच्या आजारांत म्हणजे न्यूरोमस्क्युलरमध्ये काम करणारा. हाडांचा डॉक्टर नाही. आपल्याकडे पाय आखडले की पहिली धाव हाडांच्या दवाखान्याकडे. तिथे कॅल्शियम, व्हिटॅमिन डीची पाकिटं, मग कमरेचा एमआरआय, आणि शेवटी 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, पोरगं नाटकं करतंय'. माझं सगळं लहानपण या एका वाक्यावर गेलं. या आजारात अंग भरदार दिसतं, मांड्या-पोटऱ्या टणक, त्यामुळे हे पोरगं खोटं बोलत नाही यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना इतक्या लवकर शंका आली, हे नशीबच म्हणायचं. ती चिठ्ठी जपून ठेवा.

माझं मत विचाराल तर लगेच मुंबईची गाडी पकडू नका. आधी जवळच्या न्यूरोलॉजिस्टकडे एक तपासणी उरकून घ्या: सुईचा ईएमजी, म्हणजे स्नायूतली विजेची हालचाल टिपणारी तपासणी. संभाजीनगर, नांदेड, लातूर, तिन्हीकडे न्यूरोलॉजिस्ट आहेत. सरकारीत जायचं तर घाटीला (संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा नांदेडच्या मेडिकल कॉलेजात न्यूरोलॉजीची ओपीडी आहे का आणि कोणत्या वारी, हे आधी फोनवर विचारा. आणि जिथे जाल तिथे स्पष्ट विचारा, 'सुई घालून ईएमजी करता, की नुसता एनसीव्ही (नसांची तपासणी)?' बऱ्याच ठिकाणी हातापायाला पट्ट्या लावून करंट देतात आणि त्यालाच ईएमजी म्हणतात. त्यात नसा तपासल्या जातात, आणि आपल्या आजारात नसा ठणठणीत असतात. रिपोर्ट नॉर्मल येतो, पैसे जातात, आणि घरच्यांचा संशय पुन्हा पोरावर. सुई स्नायूत घातली की मात्र मशीनच्या स्पीकरमधून आवाज येतो, मोटारसायकलची रेस कुणी वर-खाली करावी तसा. एकदा ऐकलेला डॉक्टर तो विसरत नाही. सुई दुखते, हे मुलाला आधीच सांगा. 'मुंगी चावल्यासारखं' वगैरे सांगू नका.

प्रत्यक्ष तपासणी अगदी साधी आहे. अंगठ्याच्या मुळाशी तळहाताचा जो गुबगुबीत भाग असतो, तिथे डॉक्टर छोट्या हातोडीने टक्कन मारतात. इतरांचा अंगठा जरा हलतो आणि जागेवर येतो. माझा तळहाताकडे वळतो आणि तिथेच अडकून राहतो, मग काही सेकंदांनी सावकाश सुटतो. नंतर मूठ घट्ट आवळून पटकन उघडायला सांगतात, डोळे गच्च मिटून उघडायला सांगतात, तेच पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा मूठ उघडता उघडत नाही आणि पाचव्या-सहाव्या वेळी सहज उघडते. स्नायू असा 'गरम' झाल्यावर मोकळा होणं ही या आजाराची खूण. याच्या उलट, प्रत्येक वेळी जास्तच आखडत असेल आणि थंडीत फारच, तर तो बहुधा वेगळा आजार, पॅरामायोटोनिया. स्नायूच्या पेशीत क्षार आत-बाहेर जायच्या वाटा असतात; त्यात बिघाड सोडियमच्या वाटेत असतो, आपल्यात क्लोराइडच्या. बेकर प्रकारात आणखी एक गोष्ट होते: बराच वेळ बसून एकदम जोर लावला की हातातली ताकद काही क्षण जाते आणि परत येते. मुलगा 'हातात जीवच नाही' म्हणाला तर ते खरं धरा.

गोम अशी की रिक्षा, जिना, ओपीडीतल्या चकरा यांत पोरगं गरम होऊन जातं आणि डॉक्टरांसमोर टुणटुणीत चालतं. म्हणून दोन कामं करा. नंबर यायच्या आधी त्याला पंधरा-वीस मिनिटं बाकावरून हलू देऊ नका. आणि घरी मोबाईलवर व्हिडिओ काढा: जेवून मांडी घालून बसलेला असताना एकदम उठून पायऱ्या चढतोय, तोच जिना लगेच दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा चढतोय, आणि मूठ उघडतानाचा हात जवळून. हिवाळ्यातल्या सकाळचा असेल तर उत्तम. परभणीची थंडी एरवी नकोशी वाटते, इथे कामाची आहे.

ईएमजीमध्ये मायोटोनिया दिसला की मग मोठ्या ठिकाणी जायचं, कारण पुढचा प्रश्न खरा महत्त्वाचा: हा मायोटोनिया कन्जेनिटा आहे की मायोटॉनिक डिस्ट्रॉफी? नावं सारखी, आजार फार वेगळे. डिस्ट्रॉफीत स्नायू हळूहळू क्षीण होतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, मोतीबिंदू लवकर येतो. आपल्या आजारात आयुष्य कमी होत नाही आणि हृदय सहसा सुरक्षित राहतं. हे दोन वेगळे करायला जनुकीय चाचणी लागते, आणि इथे लोक हमखास फसतात. स्नायूंच्या आजारांचा जो 'पॅनल', म्हणजे अनेक जनुकांची एकत्र चाचणी, करतात त्यात सीएलसीएन१ हे आपलं जनुक पाहिलं जातं. पण मायोटॉनिक डिस्ट्रॉफीतला बिघाड म्हणजे जनुकाचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाढलेला असणं, तो नेहमीच्या पॅनलमध्ये पकडला जात नाही. त्याची चाचणी वेगळी सांगावी लागते. डॉक्टरांना तोंडाने विचारा, 'डीएम१ची (मायोटॉनिक डिस्ट्रॉफी प्रकार १ची) वेगळी टेस्ट लागेल का?' राग येत नाही कुणाला. चाचणी रक्तावर होते, नमुना कुरिअरने जातो, रिपोर्टला काही आठवडे लागतात. रिपोर्टमध्ये 'अर्थ अनिश्चित' असा बदल लिहून आला तर आईवडिलांचं रक्त मागतात, तेव्हा तयारी ठेवा.

नेटवर 'बेकर' शोधाल तर बेकर मस्क्युलर डिस्ट्रॉफीची भयंकर माहिती समोर येईल. ती वाचून घाबरू नका. तो दुसराच आजार, फक्त दोन्हींना एकाच जर्मन शास्त्रज्ञाचं नाव मिळालंय. मायोटोनियाचा दुसरा प्रकार थॉमसेनचा. हे थॉमसेन स्वतः डॉक्टर होते, त्यांना आणि त्यांच्या घराण्यात अनेकांना हाच आजार होता, आणि त्यांनी १८७६ मध्ये तो लिहून काढला. त्या प्रकारात आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आजार येतो. बेकर प्रकारात दोघांकडूनही एकेक बिघडलेली प्रत यावी लागते, आणि दोघांना स्वतःला काहीच होत नाही. नात्यातल्या लग्नात हे जुळून यायची शक्यता वाढते. माझे आईवडीलही मामे-आते भावंडं. डॉक्टर हे विचारतील तेव्हा लाजू नका, आणि घरात कुणाच्या माथी खापर फुटू देऊ नका, विशेषतः वहिनींच्या. बेकरच निघाला तर पुढच्या प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. पुढे मूल हवं असेल तर आधी जनुकीय समुपदेशन घ्या.

आता मोठं ठिकाण कोणतं? मी बंगळुरूला निम्हान्सला गेलो, मेंदू आणि नसांच्या आजारांच्या केंद्रीय संस्थेत. स्नायूंच्या आजारांचं काम तिथे फार वर्षांपासून चालतं, आणि नांदेड-बंगळुरू एक्स्प्रेस तुमच्या परभणी-परळीवरूनच जाते. गर्दी प्रचंड असते, दिवस जातो, कन्नड येत नसलं तरी हिंदीवर भागतं. तुमच्या जागी मी असतो तर मात्र आधी हैदराबाद केलं असतं. पंजागुट्ट्याला निजाम्स इन्स्टिट्यूट आहे, न्यूरोलॉजीही आहे आणि मेडिकल जेनेटिक्सचा विभागही, म्हणजे दोन्ही कामं एका आवारात. प्रवास एका रात्रीचा. आपल्या आजोबांच्या पिढीची राजधानी तीच होती, दवाखान्याला तिकडे जायची सवय मराठवाड्याला जुनीच आहे. मुंबईत कुणी नातेवाईक असेल तर केईएम. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात केईएम आणि हैदराबादचं सीडीएफडी (डीएनए तपासणीची केंद्रीय संस्था)-निजाम्स या दोन्हींना विशेष केंद्राचा दर्जा आहे. त्या धोरणातले ५० लाखांपर्यंतचे मदतीचे आकडे ऐकून मात्र हुरळू नका; ती मदत यादीतल्या ठराविक आजारांसाठी आहे, आणि आपल्या औषधांना एवढा खर्च येतही नाही.

औषधाबद्दल थोडक्यात. मेक्सिलेटीन हे मुळात हृदयाच्या ठोक्यांचं औषध मायोटोनियाला चांगलं लागू पडतं. सुरू करण्याआधी ईसीजी लागतो, पोटात जळजळ होते म्हणून जेवणासोबत घ्यायचं. तालुक्याच्या मेडिकलवर मिळेल या भरवशावर राहू नका, ज्या शहरात लिहून देतील तिथेच उपलब्धता विचारून निघा. काहींना कार्बामाझेपीन देतात, ते स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतं. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. आणि काहींना औषधच लागत नाही. मी उन्हाळ्यात गोळी घेत नाही, तीही डॉक्टरांना विचारूनच.

मोठ्या डॉक्टरकडून परत येताना एक कागद मागितल्याशिवाय उठू नका. त्यावर आजाराचं नाव आणि ऑपरेशनच्या वेळी कोणती भूल टाळायची ते लिहून, सही-शिक्क्यासह. सक्सिनिलकोलीन, ज्याला आपल्याकडे ओटीत 'स्कोलीन' म्हणतात, ते दिलं तर आपला जबडा आणि छाती ताठ होऊ शकते आणि श्वासाची नळी घालणं अवघड होतं. अपेंडिक्स रात्री दोन वाजता दुखतं, तेव्हा निम्हान्स नसतं, गावातले भूलतज्ज्ञ असतात. त्या कागदाची झेरॉक्स आधार कार्डासोबत ठेवा, फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि एक प्रत तुमच्या परभणीच्या डॉक्टरांना द्या. खरं तर वर्षभर मुलाला सांभाळणार तेच. लांबच्या तज्ज्ञाचं काम निदान, औषध बसवणं आणि अधूनमधून फेरतपासणी, एवढंच. ओळख झाल्यावर फेरतपासणी व्हिडिओ कॉलवर होईल का, तेही विचारून घ्या.

राहिली कबड्डी. डॉक्टरांनी हृदय ठीक आहे म्हटलं की खेळू द्या, बंद करू नका. अंग हलतं राहिलेलं बरं. फक्त शाळेतल्या पीटीच्या सरांना भेटून सांगा की शिट्टी वाजली की हा लगेच धावू शकणार नाही, आधी मैदानाला दोन चकरा चालत मारू द्या, आणि पहिली चढाई याला देऊ नका. एकदम दचकला किंवा ढकलला गेला तर अंग ताठ होऊन हात पुढे न येता तोंडावर पडतो, हेही सांगा. आणि उन्हाळ्यात पोरं विहिरीवर जातील तेव्हा याला एकट्याला सोडू नका. काठावरून थेट उडी तर अजिबात नको, गार पाण्यात हातपाय तिथल्या तिथे धरले जाऊ शकतात. आधी अंग मोकळं करून पायऱ्यांनी उतरायचं, आणि शेजारी पोहणारा मोठा माणूस हवाच.