प्लंबर ‘माझ्याकडे लायसन्स आहे’ म्हणतोय. काम देण्याआधी ते कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला आई-बाबांच्या जुन्या फ्लॅटमधली दोन्ही बाथरूम फोडून नवीन करायची आहेत, तुम्ही स्वतः बंगळुरूला असता, आणि प्लंबरने व्हॉट्सॲपवर लायसन्सचा फोटो पाठवून ६० टक्के ॲडव्हान्स मागितलाय. पैसे आज पाठवू नका. आधी त्याला फोन करून विचारा, हे लायसन्स कोणी दिलंय आणि कोणत्या कामासाठी?

देशभर चालेल असं प्लंबरचं एकच सरकारी लायसन्स आपल्याकडे नाही. विजेच्या कामाची गोष्ट वेगळी, तिथे राज्य सरकारचं अनुज्ञापक मंडळ परवाना देतं. प्लंबरला परवाना देते ती महापालिका. मुंबईत १८८८ च्या आणि पुण्यासारख्या शहरांत १९४९ च्या महापालिका कायद्यात त्याची तरतूद आहे. म्हणजे तो परवाना त्या शहरापुरता, ठरावीक मुदतीचा आणि एकाच माणसाच्या नावावरचा. महापालिकेच्या लाइनशी संबंध आला की तो लागतो, म्हणजे नवीन नळजोड घेताना किंवा जोडाचा आकार वाढवून घेताना. घरातली गिझरची लाइन बदलताना तो कोणी विचारत नाही.

हे मी सोसायटीचा सेक्रेटरी असताना शिकलो, आणि महागात शिकलो. आमची १६ फ्लॅटची इमारत. पाणी कमी दाबाने यायचं म्हणून जोड मोठा करून घ्यायचा ठरला. ज्याला काम दिलं त्याच्या कार्डावर ‘मनपा लायसन्स होल्डर’ असं लाल अक्षरांत छापलेलं होतं. परवान्याची झेरॉक्स मागितली, त्याने लॅमिनेट केलेली झेरॉक्स दाखवली. फोटो इतका काळा आला होता की चेहरा ओळखूच येत नव्हता, आणि मी तो ओळखायचा प्रयत्नही केला नाही. रात्री खड्डा खणला, सकाळी पाणी धो-धो आलं, सगळे खूश. पाच महिन्यांनी महापालिकेची माणसं आली. त्यांच्याकडे आमच्या वाढीव जोडाची नोंदच नव्हती. परवाना दुसऱ्याच माणसाचा होता, त्याची मुदतही कधीच संपलेली. जोड कापला गेला, ११ दिवस टँकर. चौथ्या मजल्यावरच्या ८० वर्षांच्या आजी कळशी घेऊन खाली उभ्या राहिलेल्या मला अजून आठवतात. त्याने घेतलेल्या पैशांची पावती आमच्याकडे नव्हती, कारण मी मागितली नव्हती.

म्हणून सांगतो, फोटोवर जाऊ नका. मूळ परवाना आई-बाबांसमोर घरी आणायला सांगा. त्यावरचं नाव आणि त्याच्या आधार कार्डावरचं नाव एकच आहे का, मुदत किती तारखेपर्यंत आहे आणि परवाना पुण्याचाच आहे का, एवढं बघा. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी, तिथला परवाना पुण्यात चालत नाही. मग परवाना क्रमांक घेऊन कोणाला तरी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात पाठवा. परवानाधारकांची यादी तिथे असते. क्रमांक आणि नाव जुळतंय का, एवढंच विचारायचं. परवाना खरा असला तरी अजून एक प्रश्न उरतो, प्रत्यक्ष काम कोण करणार? पुष्कळदा सही एकाची आणि हात दुसऱ्याचा असतो. सही करणारा निदान चर बुजवायच्या आधी जागेवर येऊन बघणार का, हे स्पष्ट विचारा.

आता तुमच्या कामाबद्दल. बाथरूमच्या आतल्या कामाला महापालिकेच्या परवान्यापेक्षा शिक्षणाचा कागद जास्त उपयोगी. आयटीआयमध्ये प्लंबरचा १ वर्षाचा अभ्यासक्रम असतो, मराठीत त्याला ‘नळ कारागीर’ म्हणतात, आणि पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. दुसरा कागद स्किल इंडियाचा. त्यात काम करता करता शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे. अलीकडच्या प्रमाणपत्रांवर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करा आणि उघडलेल्या पानावर नाव तेच आहे का ते पडताळा. जीएसटी नंबर नाही म्हणून मात्र कोणावर संशय घेऊ नका. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि एकटा काम करणारा प्लंबर बहुतेक वेळा त्या आतच असतो.

पण कागद खरा असला म्हणजे काम चांगलं होतंच असं नाही, हे माझ्या बहिणीच्या घरी बघितलं. तिच्या प्लंबरकडे प्रमाणपत्र होतं, अगदी खरं. काम झाल्यावर आठ महिन्यांत खालच्या घरातल्या छताला तपकिरी डाग पडला. लाद्या फोडल्या, तर डायव्हर्टरखालचा (शॉवर आणि नळात पाणी वळवणाऱ्या कॉकखालचा) एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा काटकोनी तुकडा, मिस्त्रीच्या हातात अलगद निघून आला. आत बोट घालून पाहिलं, खोबण कोरडी. सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा द्रव, फक्त बाहेरून कडेला गोल फासलेलं होतं. दुरुस्तीला जो आला तो ओडिशातल्या केंद्रापाड्याचा. त्या भागातले हजारो लोक पिढ्यान्‌पिढ्या देशभर हेच काम करतात. त्याच्याकडे कसलाही कागद नव्हता. त्याने पाइप कापून आधी कडेचा बुरा साफ केला, एल्बो कुठपर्यंत आत जायला हवा तिथे पेन्सिलीने खूण केली, पाइपला आणि एल्बोला दोन्हीकडे सोल्युशन लावलं, पाव फेरा फिरवत खुणेपर्यंत आत दाबलं आणि मनात आकडे मोजत धरून ठेवलं. प्रत्येक जोडाला तसंच. चार वर्षं झाली, डाग परत आलेला नाही.

म्हणून तुमच्या प्लंबरने आधी केलेल्या दोन घरांचे पत्ते मागा. कामाला दोन-तीन वर्षं तरी झालेली असू देत, कारण गेल्या महिन्यात झालेलं बाथरूम सगळ्यांचंच छान दिसतं. शक्य असेल तर त्या घराच्या खाली राहणाऱ्यांना विचारा. गळती आधी त्यांना दिसते. त्याला दोन-चार साधे प्रश्न विचारा. गिझरच्या लाइनला कोणता पाइप टाकणार? उत्तर सीपीव्हीसी यायला हवं. साधा पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्याचा नाही. पाइपवर आयएस १५७७८ छापलेलं असतं, ते बघायला बाबांना सांगून ठेवा. नाहणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतली, सांडपाणी जाणारी जाळीखालची कुंडी) बदलणार की जुनाच ठेवणार, हेही विचारा. २५ वर्षांचा ट्रॅप ठेवून वर नवीन लादी बसवणारा माणूस मी तरी घेणार नाही.

सगळ्यात महत्त्वाची अट आता सांगतो आणि ती कामाच्या कागदावर लिहूनच घ्या: लादी लागण्याआधी टेस्टिंग. नळ बसायच्या सगळ्या पॉइंटना डमी, म्हणजे तात्पुरती बुचं, लावायची, टेस्टिंगच्या हातपंपाने लाइनमध्ये दाब भरायचा आणि दाब दाखवणारा काटा हलतो का ते बघायचं. गच्चीवरच्या टाकीतून १० मीटर खाली पाणी आलं की दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम १ किलो भरतो. त्या दाबावर कच्चा जोड महिनोन्‌महिने निभावून नेतो आणि मग कधीतरी सुटतो. बहिणीकडे आम्ही ७ किलोला लावून रात्रभर तसंच ठेवलं होतं. सकाळी काटा जागेवर होता, मगच गवंड्याला चर बुजवू दिली. जो प्लंबर ‘टेस्टिंगची गरज नाही, मी गॅरंटी देतो’ म्हणेल, त्याच्याकडे महापालिकेचा खरा परवाना असला तरी त्याला काम देऊ नका. फरशीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून ठेवायची चाचणी वेगळी, ती दोन-तीन दिवस.

पैशाचं असं करा: सामान तुम्ही दुकानातून बिलावर घ्या, त्याला फक्त मजुरी ठरवा, पॉइंटप्रमाणे किंवा बाथरूमप्रमाणे. सुरुवातीला २० टक्के, पाइप टाकल्यावर काही, टेस्टिंग पास झाल्यावर मोठा हप्ता, नळ बसल्यावर उरलेले. सगळे यूपीआयवर आणि त्याच्याच नावावर, भावाच्या किंवा मेहुण्याच्या नंबरवर नाही. सोसायटीला काम सुरू करायचं पत्र आधी द्या, कारण खाली गळलं तर तुमच्याच बाबांना विचारणार आहेत. स्वयंपाकघरात पाइप गॅस असेल तर त्या लाइनला प्लंबरला हात लावू देऊ नका, ते गॅस कंपनीच्या माणसाचं काम.

आणि चर बुजवायच्या आधी चारही भिंतींचे फोटो काढायला सांगा, शेजारी टेप धरून, जमिनीपासून किती उंचीवर पाइप आहे ते दिसेल असे. बहिणीने ते काढून ठेवले होते. मागच्या वर्षी आरसा बसवायला आलेला माणूस ज्या जागी ड्रिल लावत होता, तिथून दीड इंचावर गरम पाण्याची लाइन जात होती.