ॲपवर वारा १२ दिसत होता, मग तंबू कसा उडाला?

वाऱ्याबद्दल तीन पत्रं आलीयेत, तिन्ही इथेच घेतोय. पहिल्याला उत्तर मोठं लागणार आहे, कारण तिथे पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे.

प्रश्न : आम्ही चार घरं मिळून दरवर्षी मे महिन्यात पवना धरणाच्या काठावर कॅम्पिंगला जातो. मागच्या वेळी ॲपवर वारा ताशी १२ किमी दिसत होता म्हणून निर्धास्त होतो, आणि साडेचारच्या सुमारास अचानक असा वारा सुटला की दोन तंबू खुंट्यांसकट उपटले, कयाक घेऊन गेलेली पोरं कशीबशी काठाला लागली. लाईफ जॅकेट होतं म्हणून बरं. आता घरचे म्हणतात जायचंच नाही. अंदाजावर विश्वास ठेवायचा की नाही, आणि बघायचं तरी काय? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, पोरं सुखरूप आली हे वाचून जीव भांड्यात पडला. आणि जायचं बंद करू नका, वेळ बदला.

तो १२ चा आकडा खोटा नव्हता हो, पण तो तुमच्या तंबूसाठी नव्हताच. अंदाज काढणारं संगणकातलं मॉडेल सगळ्या जमिनीचे मोठे मोठे चौकोन पाडतं आणि एकेका चौकोनाला एक आकडा देतं. आपल्या पाषाणच्या आयआयटीएमने, म्हणजे उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाली, तिचा चौकोन ६ किमीचा आहे आणि तो बारीक समजला जातो. आता ६ किमीत पवनेला काय काय येतं बघा, अर्धं पाणी, एखादा डोंगर, दोन गावं, आणि त्या सगळ्याला मिळून एकच वारा. शिवाय हा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो आणि तो सरासरी वेग असतो. मधूनच येणारे झोत ॲपवर वेगळ्या ओळीत असतात, ‘गस्ट’ नावाने, ती ओळ फार कमी लोक उघडतात. तंबू उडतो तो झोताने, सरासरीने नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १५ चा वारा ४५ झाला तर जोर तिप्पट नाही, नऊपट होतो.

पण तुमच्याकडे जे झालं ते गस्टच्या ओळीतही बहुतेक दिसलं नसतं. साडेचारची वेळ आणि मे महिना म्हणजे तो वळीवच असणार. दुपारभर तापून ढग उंच वाढतो, त्यातून पाऊस पडायला लागतो, खालची हवा कोरडी असल्यामुळे थेंब वाटेतच सुकायला लागतात, त्याने हवा एकदम गार आणि जड होते आणि धाडकन खाली आदळून जमिनीवर चारी बाजूंना पसरते. हा गार वारा पावसाच्या आधी येतो, कधी कधी ढग पाच-दहा किलोमीटर लांब असतानाच, म्हणून डोक्यावर ऊन असतानाही तंबू उडतो. आणि कुठला ढग कुठल्या गावावर फुटणार हे सकाळच्या अंदाजाला सांगता येत नाही, तेवढं सांगतो तो नाऊकास्ट. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा असतो तो, दुपारी बारानंतर तोच बघत राहायचा, सकाळचा आकडा विसरायचा. विजेसाठी आयआयटीएमचंच ‘दामिनी’ ॲप आहे, तुमच्या आसपास २० ते ४० किमीत वीज पडत असेल तर ते कळवतं. मात्र काठावर रेंज जाते, त्यामुळे स्वतःचे डोळे हवेतच.

आपल्याकडे वळवाचे ढग बऱ्याचदा पूर्वेकडून नाहीतर आग्नेयेकडून चढतात, दिवसभरचा वारा मात्र पश्चिमेचा असतो. त्यामुळे पूर्वेच्या अंगाला काळं दिसायला लागलं आणि अंगावरचा वारा एकदम पडला, पान हलेना, तर तीच धावायची वेळ. बरेच लोक त्या शांततेत म्हणतात चला आता पाणी छान झालं. नका जाऊ. पोरांना हाका मारा, कयाक काठावर ओढून उलट्या करा, तंबूचे दोर आवळा आणि आत बसण्याऐवजी गाडीत किंवा पक्क्या घरात जा. गडगडाट ऐकू आला की पाण्यात कुणीच नको, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी नाही.

अजून एक, दिशा. ॲपवर पश्चिमेचा वारा लिहिलं तर तो पश्चिमेकडून येतो, बाण मात्र पूर्वेकडे पळताना दिसतो, यात खूप जण गोंधळतात. पवना काय नि खडकवासला काय, धरणाची भिंत पूर्वेच्या अंगाला आणि पाणी पश्चिमेकडे लांब पसरलेलं, म्हणजे दुपारचा वारा सगळ्या लांबीवरून पाणी ढकलत येतो. पश्चिमेच्या टोकाला पाणी गुळगुळीत दिसतं आणि भिंतीकडे लाटा उठलेल्या असतात. म्हणून कयाक नेताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, दमल्यावर वाराच परत आणून सोडतो. उलटं केलं की जाताना मजा आणि येताना हात गळून जातात.

आकडाच हवा असेल तर माझं मत सांगतो: पोरं बरोबर असतील तर सरासरी १५ च्या वर किंवा गस्ट २५ च्या वर असताना पाण्यात नाही. पाण्यावर पांढरे फेसाचे तुरे जागोजागी दिसायला लागले की वारा २० च्या पुढे गेलाय समजा, त्याला ॲप लागत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये अंदाज कितीही छान असो, दुपारी दोनला सगळे पाण्याबाहेर.

प्रश्न : माझी नात संगमाजवळ नदीवर रोइंग शिकतेय. कोच पहाटेच बोलावतात, थंडीत फार हाल होतात हो पोरीचे. संध्याकाळी शिकवलं तर काय बिघडतं? – एक आजोबा, शनिवार पेठ

उत्तर : आजोबा, कोचचं बरोबर आहे. एकट्याने चालवायची ती रेसिंगची बोट आठेक मीटर लांब आणि रुंदीला जेमतेम फूटभर असते, शिकणाऱ्याला तिच्यात नुसतं सरळ बसणंच अवघड. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वरचा वारा तिच्यात शिरत नाही, म्हणून पहाटे पाणी काचेसारखं असतं. ऊन चढलं की हवा ढवळली जाते आणि नऊ-दहानंतर वारा सुरू. उन्हाळ्यात तर संध्याकाळी समुद्राकडचा वारा घाट चढून पुण्यात पोचतो, गच्चीवर बसणाऱ्याला तो फार सुखाचा वाटतो पण अरुंद बोटीला नाही. संध्याकाळी सरावलेली मुलं जातात, नातही जाईल पुढे. तोपर्यंत कानटोपी, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीत असू द्या. पावसाळ्यात मात्र वारा नसला तरी खडकवासल्यातून किती पाणी सोडलंय ते आधी विचारा.

प्रश्न : संक्रांतीला नदीपात्रात पतंग सकाळी उडतच नाही, असं का? – इयत्ता सातवी, नारायण पेठ

उत्तर : कारण वरच्या उत्तरातलंच, गार हवा खाली बसलेली असते आणि नदीपात्र आधीच खोलगट. ११ नंतर जा, मस्त उडेल. विजेच्या तारांपासून लांब मोकळी जागा बघ, आणि नायलॉनचा मांजा कुणी फुकट दिला तरी घेऊ नको, त्याने पक्षी मरतात, स्कूटरवरच्या माणसांचे गळे कापले जातात, २०१७ पासून देशभर बंदी आहे त्याच्यावर. साधा सुती दोरा आण.