वाचक विचारतात: एच. पायलोरीचा रिपोर्ट कधी फसवतो?

जठराच्या अस्तरावर श्लेष्माचा चिकट थर असतो. त्या थरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा वळणदार जंतू जठराची जुनाट सूज, अल्सर आणि काही जणांत जठराचा कर्करोगही घडवतो. त्याच्या तपासण्या आणि उपचारांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यांतल्या काहींना या अंकात उत्तरं देत आहोत.

चौदा दिवसांचा कोर्स संपून सहा महिने झाले. पुन्हा रक्त तपासलं, तर एच. पायलोरी आयजीजी पॉझिटिव्हच आलं. परत कोर्स घ्यावा का? (एक वाचक, सांगली)

या रिपोर्टवरून घेऊ नका. रक्ताच्या या तपासणीत जंतू शोधला जात नाही, त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधली जातात. जंतू गेला तरी ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. आपल्याकडे हा संसर्ग बहुधा लहानपणीच होतो आणि फार मोठ्या संख्येनं होतो, त्यामुळे नुसत्या 'पॉझिटिव्ह'वरून आज जठरात जंतू आहे की नाही हे कळत नाही. कोर्स लागू पडला का हे पाहायला तर ही तपासणी करूच नये. तरीही ती पॅकेजमध्ये घातली जाते आणि माणसं विनाकारण दुसऱ्यांदा अँटिबायोटिक घेतात. हे थांबलंच पाहिजे.

तुम्ही श्वासाची युरिया तपासणी किंवा शौचातल्या अँटिजेनची (जंतूच्या प्रथिनांची) तपासणी करा. शौचाची करणार असाल, तर मोनोक्लोनल पद्धतीची एलायझा होते का हे लॅबला आधी विचारा. जुन्या पॉलिक्लोनल किटपेक्षा ती भरवशाची आहे. वाटाण्याएवढा नमुना पुरतो, पण त्यात लघवी किंवा संडासातलं पाणी मिसळू देऊ नका. लगेच पोचवता येत नसेल तर डबी घट्ट बंद करून फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवा, आणि तीन दिवसांच्या आत द्या. जुलाब होत असतील तेव्हा नमुना देऊ नका. पातळ शौचात अँटिजेन विरळ होतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

माझी श्वासाची तपासणी निगेटिव्ह आली. आठच दिवसांनी दुर्बिणीतून अल्सर दिसला आणि तुकड्यात जंतूही सापडला. मी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेते. लॅबचं चुकलं का? (एक वाचिका, नाशिक)

चूक बहुतेक लॅबची नाही. तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्यच त्याचं उत्तर आहे.

या जंतूकडे युरीएज नावाचं विकर भरपूर असतं. ते युरिया फोडून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. अमोनियामुळे जंतूभोवतीचं आम्ल मरतं आणि तो जठरात तगतो. श्वासाच्या तपासणीत खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात. जंतू असेल तर तोच खुणेचा कार्बन रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येतो.

आता पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या गोळ्या काय करतात ते पाहा. जंतूच्या आवरणात युरिया आत घेण्यासाठी एक वाट असते आणि ती आम्ल असेल तरच उघडते. गोळीनं आम्ल कमी झालं की वाट मिटते आणि विकर आत असूनही त्याला युरिया मिळत नाही. शिवाय जठराच्या खालच्या भागातली जंतूंची संख्या घटते आणि उरलेले वरच्या भागात सरकतात. जंतू मेलेला नसतो, दबलेला असतो. रिपोर्ट मात्र निगेटिव्ह येतो.

म्हणून तपासणीआधी या गोळ्या १४ दिवस पूर्ण बंद हव्यात. कोणतंही अँटिबायोटिक, अगदी दाढेसाठी घेतलेलंसुद्धा, आणि बिस्मथ ४ आठवडे बंद हवं. मधल्या दिवसांत जळजळ वाढते. तेव्हा साधं अँटासिड सिरप चालतं. फॅमोटिडिनचा परिणाम कमी असतो, तरी तपासणीच्या आदल्या दिवशी तेही थांबवायला बहुतेक लॅब सांगतात. पण अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल, किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. तसं केल्यास पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. अशा वेळी तपासणी पुढे ढकललेली बरी.

तपासणीच्या दिवशी सहा तास उपाशी राहा, बिडी-सिगारेटही नको. आधी एक पिशवी फुंकून घेतात. मग साधारण ७५ मिलिग्रॅम युरिया सायट्रिक आम्लाच्या पेयाबरोबर देतात. या पेयामुळे जठर सावकाश रिकामं होतं आणि आतलं आम्लही टिकतं. दुसरी पिशवी २० ते ३० मिनिटांनी फुंकायची, तोवर शांत बसायचं. फुंकताना सुरुवातीचा श्वास बाहेर सोडून शेवटचा भाग पिशवीत जाऊ द्या, कारण सुरुवातीला तोंडातली आणि श्वासनळीतली हवा येते. कॅप्सूल दिली असेल तर ती अख्खी गिळा. तोंडातल्या काही जंतूंकडेही युरीएज असतं, त्यामुळे कॅप्सूल चावली तर खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. खुणेसाठी कार्बन-१३ वापरला असेल तर त्यात किरणोत्सर्ग नसतो. कार्बन-१४मध्ये तो अत्यल्प असतो, तरी गरोदर बायका आणि लहान मुलांना कार्बन-१३चीच तपासणी द्यावी.

वडिलांच्या दुर्बीण तपासणीत पाच ठिकाणचे तुकडे घेतले. एक पुरला नसता का? (एक वाचक, लातूर)

नाही. जंतू अस्तरभर सारखा पसरलेला नसतो, ठिकठिकाणी असतो. सिडनी पद्धतीनुसार जठराच्या खालच्या भागातून दोन, वळणाच्या कोपऱ्यातून एक आणि मधल्या भागातून दोन तुकडे घेतात. जिथे अस्तर झिजलेलं असतं किंवा आतड्यासारखं बदललेलं असतं, तिथे जंतू टिकत नाही. एकच तुकडा नेमका तिथला निघाला तर निदान हुकतं. हेच बदल पुढच्या कर्करोगाच्या धोक्याचं मोजमापही देतात, म्हणून कोणता तुकडा कुठला हे बाटलीवर लिहिलेलं हवं. ते लिहिलेलं नसेल तर पॅथॉलॉजिस्टला धोक्याची नीट प्रतवारी करता येत नाही.

रॅपिड युरीएज तपासणीचा तुकडा वेगळा आणि ताजा हवा. तो फॉर्मॅलिनमध्ये गेला की विकर मरतं. फॉर्मॅलिनला लागलेला चिमटासुद्धा घात करतो. पिवळ्या जेलमध्ये तुकडा खोचला की अमोनियामुळे त्यातलं फिनॉल रेड हे रंगद्रव्य गुलाबी होतं. रंग बऱ्याचदा तासाभरात पालटतो, पण 'निगेटिव्ह' लिहायला २४ तास थांबावं लागतं. अल्सरमधून नुकतंच रक्त गेलं असेल, तर निगेटिव्हवर विश्वास ठेवू नका. ताज्या रक्तस्रावात ही तपासणी जंतू हुकवते. रक्तस्राव थांबल्यावर वेगळ्या पद्धतीनं पुन्हा पाहा.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बायोप्सीतून एच. पायलोरी वाढवायचा आहे. प्लेटवर एक तर काहीच येत नाही, नाही तर दुसरेच जंतू माजतात. काय चुकतं? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

चूक बहुधा प्लेटच्या आधीच होत असते. तुकडा बाहेर निघाल्यापासून तो सुकणं आणि हवेतला ऑक्सिजन या दोन्हींमुळे जंतू मरायला लागतो. कोरड्या बाटलीत किंवा टिश्यू पेपरवर आलेला तुकडा स्वीकारू नका. सलाइनमध्ये असेल तर काही तासांत लावा. उशीर होणार असेल तर स्टुअर्टसारख्या वाहक माध्यमात, ४ अंशांवर, २४ तासांच्या आत. रुग्णाची आम्ल कमी करणारी गोळी कधी बंद झाली हेही नमुन्याच्या फॉर्मवर लिहून घ्या. चालू गोळीवरच्या रुग्णाचा तुकडा बहुतेक वेळा फुकट जातो. हे सगळं रुग्णाची लेखी संमती आणि नैतिकता समितीची परवानगी हातात आल्यावरच.

तुकडा थोड्या ब्रेन हार्ट इन्फ्युजनमध्ये निर्जंतुक पेसलनं चुरा आणि ताज्या प्लेटवर पसरा. आठवडाभर फ्रिजमध्ये सुकलेली प्लेट चालत नाही, पृष्ठभागावर ओल हवी. कोलंबिया किंवा ब्रेन हार्ट इन्फ्युजन अगारमध्ये ७ ते १० टक्के मेंढीचं किंवा घोड्याचं रक्त घाला. दुसरे जंतू माजतात त्यावर डेंटचं मिश्रण उपयोगी पडतं: व्हँकोमायसिन, ट्रायमेथोप्रिम, सेफसुलोडिन आणि बुरशीसाठी अ‍ॅम्फोटेरिसिन बी. पण प्रतिजैविकांनी नाजूक वाणही दबतात, म्हणून शक्य असेल तर एक प्लेट प्रतिजैविकाशिवाय लावा.

वातावरण ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड, ८५ टक्के नायट्रोजन. तापमान ३७ अंश. जारमध्ये ओला कापूस ठेवा. मेणबत्तीचा जार वापरू नका, त्यात ऑक्सिजन फार उरतो. आणि घाई करू नका. पहिल्या वाढीला ३ ते ७ दिवस लागतात. दहा दिवस झाल्याशिवाय प्लेट टाकू नका. रोज जार उघडून डोकावलं तर दर वेळी वायूचं प्रमाण बिघडतं.

याच मुद्द्यावर या विषयाचा इतिहास वळला. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन यांना १९७९ साली बायोप्सीत हे वळणदार जंतू दिसले. बॅरी मार्शल यांनी ते वाढवायला घेतले, पण प्लेटा दोन दिवसांत टाकून दिल्या जात होत्या. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा पाच दिवस तशाच राहिल्या आणि वसाहती दिसल्या. १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतः जंतू पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

तुम्हाला दिसतील त्या वसाहती एक-दोन मिलिमीटरच्या, पारदर्शक, पाण्याच्या थेंबासारख्या. ग्रॅम रंजनात वळणदार ऋण दंडाणू. ऑक्सिडेज, कॅटॅलेज, युरीएज तिन्ही पॉझिटिव्ह. युरीएज तर काही मिनिटांतच रंग देतं. दोन-तीन दिवसांनी उपसंवर्धन करा, नाहीतर जंतू गोलाकार होतात आणि मग वाढत नाहीत. साठवण ग्लिसरॉल घातलेल्या ब्रॉथमध्ये, उणे ८० अंशांवर.

क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स पूर्ण केला, एकही गोळी चुकली नाही, तरी जंतू गेला नाही. असं का? (एक वाचक, ठाणे)

एकही गोळी चुकलेली नसेल, तर पहिला संशय प्रतिरोधाचा. जंतूच्या २३एस आरएनएवर २१४२ किंवा २१४३ या जागी एक अक्षर बदललं तरी क्लॅरिथ्रोमायसिनला तिथे नीट चिकटता येत नाही. खोकला, सर्दी, सायनस यांसाठी पूर्वी घेतलेलं अ‍ॅझिथ्रोमायसिनही त्याच गटातलं, म्हणून तेही डॉक्टरांना सांगा. हे बदल बायोप्सीतून, काही लॅबमध्ये शौचातूनही, पीसीआरनं कळतात.

एकदा फसलं की तेच औषध पुन्हा देऊ नये. सहसा १४ दिवसांचा चार औषधांचा कोर्स देतात: बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि दिवसातून दोनदा आम्ल कमी करणारी गोळी. ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. टेट्रासायक्लिन दूध, दही, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, ती शोषली जात नाही. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेत जखम होते. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना टेट्रासायक्लिन देत नाहीत. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू पूर्ण बंद. बिस्मथनं शौच काळं होतं, ते अपेक्षित आहे. पण काळं शौच डांबरासारखं चिकट असेल, चक्कर येत असेल, रक्ताची उलटी झाली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

शेवटची गोळी घेतलेली तारीख लिहून ठेवा. आम्लाची गोळी त्याच दिवशी बंद झाली असेल, तर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा. गोळी नंतरही चालू ठेवायला सांगितली असेल, तर ते चार आठवडे उलटून शिवाय गोळी थांबवून चौदा दिवस झाल्याशिवाय तपासणीची वेळ घेऊ नका.